पुरातत्त्वाचे विभाग : जुनी नावे आणि आजचे काम

गंगथडी

पदवीनंतर पुरातत्त्व शिकायचे म्हटले की आजही तीच यादी ऐकू येते. पुण्याचे डेक्कन कॉलेज, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, अलाहाबाद, बनारस आणि मग नागपूर. ही यादी साधारण १९७५ च्या आसपास पक्की झाली. त्यानंतर या विषयात केवढी उलथापालथ झाली! कार्बन कालमापनाला मूठभर कोळशाऐवजी धान्याचा एक दाणा पुरू लागला, दाताच्या आवरणावरून माणूस लहानपणी कुठल्या भागात वाढला हे कळू लागले, प्राचीन डीएनए आला. यादी मात्र जागची हलली नाही.

माझे मत आधीच मांडतो. विभागाचे नाव त्याच्या कामाच्या पंधरा-वीस वर्षे मागून चालते. उत्खनन पाच-सात वर्षे चालते, अहवाल यायला आणखी तितकीच जातात, तो पाठ्यपुस्तकांत उतरतो, मग विद्यार्थी ते नाव ऐकून प्रवेश घेतात. तोवर खणणारे निवृत्त झालेले असतात. म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. नाव कशामुळे झाले? आणि ते कारण आज तिथे शिल्लक आहे का?

जाणकारांनी इथे आपापल्या टोपणनावाने विभागवार, तपशिलात लिहावे. कोण पहिला आणि कोण दुसरा, असे क्रमांक नकोत.

पांढरीवाला

डेक्कन कॉलेजपासून सुरुवात करतो, कारण महाराष्ट्राचा इतिहासपूर्व काळ जवळजवळ सगळा तिथल्या लोकांनी उलगडला आहे.

१८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली ही संस्था १९३४ मध्ये सरकारने बंद केली. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले आणि १७ ऑगस्ट १९३९ ला ती पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. ह. धी. सांकलिया आणि इरावती कर्वे दोघेही त्याच वर्षी रुजू झाले. सांकलिया लंडनला डॉक्टरेट करताना ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ व्हीलर यांच्या इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननावर काम शिकून आले होते.

पुढची तीस-पस्तीस वर्षे त्यांनी ठिकाणामागून ठिकाण हाती घेतले. गुजरातेत लांघणज, कोल्हापुरात ब्रह्मपुरी, १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे, नर्मदेवर महेश्वर-नावडातोली, प्रवरेकाठी नेवासे, राजस्थानात अहाड, मग चांडोली आणि इनामगाव. दख्खनेत तरी या सगळ्यांना बांधणारा प्रश्न एकच होता, सातवाहनांच्या आधी इथे गावे करून कोण राहत होते? त्या प्रश्नाला उत्तर मिळत गेले म्हणून नाव झाले.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अहवाल. नेवाशाचे उत्खनन १९५४ ते ५६, अहवाल १९६० मध्ये हातात. इनामगाव १९६८ ते १९८३, म्हणजे सव्वाशेहून जास्त घरे आणि अडीचशेहून जास्त दफने. त्याचा अहवाल १९८८ ला आला. आपल्याकडे अनेक उत्खननांचे अंतिम अहवाल निघालेलेच नाहीत, त्या तुलनेत चार-पाच वर्षांत अहवाल ही फार मोठी शिस्त आहे.

आणि हा अहवाल नुसत्या खापरांचा नव्हता. शरद राजगुरूंसारखे भूपुरातत्त्वाचे लोक, जळालेले धान्य ओळखणारे, जनावरांची हाडे पाहणारे, मानवी सांगाड्यांवर काम करणारे वाळिंबे, रसायनाची प्रयोगशाळा, हे सगळे एकाच आवारात होते. याचा खड्ड्यावर काय फरक पडतो ते सांगतो. घराच्या जमिनीवर राखेचा पट्टा दिसला की खापरे पाहणारा माणूस 'चूल' लिहून पुढे जातो. वनस्पती पाहणारा शेजारी असला तर ती राख पिशव्यांत भरून घेतो आणि त्यात जव सापडतो. इनामगावची शेती मुख्यतः जवावर होती, हे अशा पिशव्यांमधूनच कळले. तज्ज्ञ नंतर बोलावला तर राख आधीच ढिगाऱ्यावर गेलेली असते.

तेव्हा आजच्या विभागाकडे पाहताना मी पहिल्यांदा हेच पाहीन की असे किती तज्ज्ञ कायम नेमणुकीवर आहेत आणि किती तासिका तत्त्वावर.

रेवाकाठ

बडोद्याची मुळेही डेक्कन कॉलेजातच आहेत. सुब्बाराव हे सांकलियांचे विद्यार्थी. बेल्लारी भागातल्या अश्मयुगीन संस्कृतींवर त्यांनी प्रबंध केला आणि बडोद्यात जाऊन विभाग उभा केला. रमणलाल मेहता यांच्या काळात देवनीमोरी, चांपानेर अशी ऐतिहासिक काळातली ठिकाणे झाली. के. टी. एम. हेगडे यांनी धातू, काच आणि काळ्या झिलईची मृद्भांडी यांचे रसायन तपासले. नंतर नागेश्वर आणि बागसरा इथे शंखाच्या बांगड्या करणाऱ्या हडप्पाकालीन वस्त्या खणल्या गेल्या. गुजरातचे हडप्पा, शंखकाम, मणी, कारागिरी यांत रस असेल तर बडोदा हे नाव आजही विचारात घ्यावे असेच आहे. अश्मयुग करायचे असेल तर निवड वेगळी हवी. एकच विभाग सगळ्यात चांगला असत नाही, आणि 'बडोदा चांगले की पुणे' हा प्रश्न मुळातच अपुरा आहे.

अलाहाबादचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. गो. रा. शर्मा यांनी कौशांबी १९४९ पासून खणायला घेतले. पुढे बेलन खोऱ्यात चोपनी मांडो, महागडा, कोल्डिहवा आणि गंगेच्या मैदानात सराय नाहर राय. पूर्वपाषाण ते नवपाषाण असा सलग क्रम एका खोऱ्यात लावून दाखवणे हे मोठेच काम होते. पण कौशांबीच्या तटबंदीला त्यांनी दिलेला इ. स. पू. अकराव्या शतकाच्या आसपासचा काळ पुढच्या अभ्यासकांनी मानला नाही, तो बराच अलीकडे आणला. कोल्डिहवाच्या तांदळाच्या फार जुन्या तारखांवरही असाच वाद झाला. यामुळे विभागाचे काम रद्दी ठरत नाही. खड्ड्याचे नोंदलेले थर, जपलेली खापरे आणि छापलेली रेखाटने असतील तर तारीख बदलली तरी काम टिकते.

नागपूर विद्यापीठाचे नाव विदर्भातल्या शिळावर्तुळांमुळे, म्हणजे दगडांची वर्तुळे रचलेल्या लोहयुगातल्या दफनांमुळे झाले. शां. भा. देव तिथे असताना टाकळघाट-खापा, माहुरझरी, पौनी ही उत्खनने झाली, आणि मराठवाडा विद्यापीठाबरोबर भोकरदन. घोड्यांची दफने, लोखंडी अवजारे, तांब्याचे अलंकार, सगळे माहुरझरीत. लोहयुग शिकणाऱ्याने नागपूरला डावलून चालणार नाही, कारण ठिकाणे दारात आहेत. पुण्याहून दरवेळी तेवढा प्रवास करून सर्वेक्षण होत नाही.

अल्पाक्षरी

पण डेक्कन कॉलेजचे नाव अलीकडे इनामगावपेक्षा हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीमुळे घेतले जाते ना? सामान्य वाचकाला तर तेवढेच माहीत आहे.

भूस्तर

बरोबर, आणि बदल नेमका कुठे झाला ते तिथेच दिसते.

राखीगढीचा डीएनए निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये आला. खणणारे पुण्याचे, वसंत शिंदे पहिले लेखक. प्राचीन डीएनए वाचला गेला तो मुख्यतः हार्वर्डच्या प्रयोगशाळेत. ६१ नमुने तपासले गेले आणि कामाचा डीएनए एका स्त्रीच्या अवशेषातून मिळाला. उष्ण हवेत आणि दरवर्षी भिजणाऱ्या-सुकणाऱ्या मातीत डीएनए टिकत नाही, हे त्यामागचे कारण. कानाच्या आतले पेट्रस नावाचे कवटीतले सर्वांत घट्ट हाड मिळाले तर आशा जास्त असते. ते हाड खड्ड्यात उघडे पडताच दोन हातमोजे आणि मुखपट्टी घालून, न धुता, ब्रश न मारता, वेगळ्या पिशवीत थंड जागी ठेवावे लागते. वर्षानुवर्षे आपल्याकडे सांगाडा जागीच ओला करून, फोटोसाठी घासून, वर पॉलिमरचे द्रावण लावून उचलत. हाड शाबूत राहायचे, पण डीएनएच्या दृष्टीने नमुना खराब व्हायचा.

कालमापनाचेही तेच. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन प्रयोगशाळा होती, तिच्या तारखांना 'टीएफ' हा क्रमांक असे. पुढे ती अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेली आणि 'पीआरएल' क्रमांक सुरू झाले. ताम्रपाषाण काळाच्या जुन्या तारखा बहुतेक अशा आहेत. त्या वाचताना तीन गोष्टी तपासा. कार्बन-१४ निम्मा उरायला लागणारा काळ, म्हणजे अर्धायुष्य, ५५६८ वर्षे धरले आहे की ५७३०? तारीख कॅलिब्रेट केलेली, म्हणजे झाडांच्या वर्षवलयांसारख्या पुराव्याशी ताळा करून दुरुस्त केलेली आहे की नाही? कोळसा खांबाचा होता की धान्याचा? सागाच्या जुन्या खांबाच्या गाभ्याचा कोळसा घर बांधल्याच्या काळाहून शंभर-दोनशे वर्षे जुना निघू शकतो. त्वरकाच्या मदतीने कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या नव्या ए.एम.एस. पद्धतीला साधारण एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो, म्हणून जवाचा किंवा मसुराचा एकच दाणा पाठवावा. दाणा एका मोसमाचा असतो, त्यामुळे तारीख नेमकी येते. नमुना कापसात किंवा कागदात गुंडाळू नये, त्याचाच कार्बन मिसळतो. ॲल्युमिनियमचा कागद वापरावा आणि चिठ्ठी वेगळ्या पिशवीत ठेवावी. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात ही सोय आहे, तिथे देशभरातल्या विद्यापीठांतून नमुने जातात.

मातीच्या कणांना शेवटचा उजेड कधी लागला हे सांगणाऱ्या प्रकाश-उत्तेजित कालमापनासाठी म्हणजे ओ.एस.एल.साठी विद्यार्थ्याला नमुना घेता आला पाहिजे. खड्ड्याची भिंत आधी हातभर खरवडून ताजी करायची. पाच सेंटिमीटर व्यासाचा, पाऊण-एक फूट लांबीचा लोखंडी नळ हातोड्याने आडवा ठोकायचा. तो मातीने गच्च भरला पाहिजे. पोकळी राहिली तर कण आत हलतात आणि उजेड लागलेले कण मधल्या कणांत मिसळतात. दोन्ही तोंडे बंद करून काळ्या पिशवीत घालायचा. शेजारची अर्धा किलो माती किरणोत्साराच्या मापासाठी वेगळी घ्यायची आणि तिचा ओलावा त्याच दिवशी नोंदायचा. दख्खनेत यातही अडचण आहे. आपला खडक बेसाल्ट, त्यात क्वार्ट्झ नाही, आणि ही पद्धत मुख्यतः क्वार्ट्झच्या कणांवर चालते. त्यामुळे नर्मदेच्या किंवा राजस्थानच्या वाळूत जे सहज होते ते भीमेच्या खोऱ्यात अडते. कुकडी नदीवरच्या बोरीची ज्वालामुखीची राख पाहा. तिला १४ लाख, पावणेसात लाख आणि ७५ हजार अशी तीन वये वेगवेगळ्या अभ्यासांत मिळाली आहेत. तिच्या लगत सापडलेल्या दगडी हत्यारांचा काळ या वादावर टांगलेला आहे.

सांगायचा मुद्दा असा, की १९७० मध्ये खणणारा आणि तपासणारा एकाच आवारात होता. आता तपासणारी यंत्रे भौतिकशास्त्राच्या आणि जनुकशास्त्राच्या संस्थांत गेली. लखनौची बिरबल साहनी संस्था, गांधीनगरचे आयआयटी, मोहालीचे आयसर ही नावे जुन्या यादीत नव्हती, आज पुरातत्त्वाच्या निबंधांवर दिसतात.

अल्पाक्षरी

मग यंत्रे नसलेल्या विभागात जाऊच नये का?

चाळणी

मुळीच तसे नाही. महाग यंत्र नसण्याने फारसे बिघडत नाही, नमुना कसा घ्यायचा हे शिकवले जात नसेल तर मात्र बिघडते. विभागाची पारख करायची तर सगळ्यात स्वस्त गोष्ट विचारा, 'तुमच्याकडे फ्लोटेशन, म्हणजे माती पाण्यात ढवळून जळके दाणे वेगळे काढणे, होते का?'

लागते काय? दोनशे लिटरचा एक पत्र्याचा पिंप, पाणी, एक मिलिमीटर जाळीची एक चाळणी आणि पाव मिलिमीटरची, म्हणजे २५० मायक्रॉनची दुसरी. प्रत्येक थरातून, प्रत्येक चुलीतून, धान्य साठवायच्या प्रत्येक बळदातून मोजून दहा ते वीस लिटर माती घ्यायची. 'घमेलेभर' असे लिहून चालत नाही. लिटर लिहिले नाहीत तर दोन थरांतल्या दाण्यांची तुलनाच करता येत नाही. माती पाण्यात हलक्या हाताने ढवळली की जळके दाणे वर येतात. ते पाण्याबरोबर बारीक चाळणीत ओतायचे. खाली जड भाग उरतो, त्यात माशांचे काटे, बारीक मणी, गारगोटीचे छिलके.

महाराष्ट्रात अडते कुठे? काळ्या मातीत. ती सुटत नाही, तिचे गोळे होतात आणि दाणे गोळ्यात अडकून जड भागात जातात. म्हणून माती आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात काही तास, हट्टी असेल तर रात्रभर भिजवायची. घाईने हाताने चोळली की दाणे फुटतात आणि जवाचा तुकडा व गव्हाचा तुकडा ओळखू येत नाही. दुसरी नेहमीची चूक वाळवण्याची. मे महिन्याच्या उन्हात ठेवलेला ओला जळका दाणा तडकतो. मलमलच्या पुरचुंडीत बांधून सावलीत, वारा लागेल असा टांगायचा. आणि दोन नमुन्यांच्या मध्ये पिंप आणि चाळणी पूर्ण धुवायची, नाहीतर सातवाहन थरातला तांदूळ त्याहून जुन्या, ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे थरात सापडतो आणि त्यावर निबंध लिहिला जातो.

हे सगळे काही हजार रुपयांत होते. एका साध्या पदव्युत्तर शिबिरात हे रोज होत असेल तर त्या विभागातला विद्यार्थी जगातल्या कुठल्याही उत्खननावर उभा राहू शकेल. लेझरचे महागडे यंत्र आहे, पण खड्ड्यावर चाळणी नाही, अशा ठिकाणाहून मी विद्यार्थ्याला दूर राहायला सांगेन.

चाळणीच्या जोडीला हातरेखाटन. दहा बाय दहा मीटरचा चौकोन, मध्ये न खणता सोडलेले अर्ध्या मीटरचे बांध म्हणजे बाल्क, भिंतीचे रेखाटन १ ला २० या प्रमाणात, मातीचा रंग मन्सेल तक्त्यावरून, तोही माती किंचित ओली करून आणि सावलीत. फोटोवरून थर काढता येतात, पण बोटाने दाबून कळणारा घट्टपणा फोटोत येत नाही.

सातासमुद्रापार

ब्रिटनमध्ये जाणाऱ्या मराठी मुलांची संख्या पाहता तिकडचेही लिहायला हवे. क्रमवारी पाहून अर्ज करणाऱ्यांनी शेफील्ड लक्षात ठेवावे.

शेफील्डचा विभाग १९७६ चा. प्राण्यांची हाडे, जळके धान्य, मानवी अवशेष, धातुकाम यांत त्याची कीर्ती जगभर होती. २०२१ मध्ये विद्यापीठाने तो बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि जगभरातून विरोध होऊनही तो फिरवला नाही. संशोधनाचा दर्जा घसरला हे त्याचे कारण नव्हते. पदवीला येणारी मुले कमी झाली. इंग्लंडमध्ये २०१२ पासून शुल्काची मर्यादा ९,००० पौंड झाली आणि नोकरीची हमी नसलेल्या विषयांना त्याचा फटका बसला. शाळेच्या शेवटच्या वर्षांत पुरातत्त्व हा विषय घेता यायचा, ती ए-लेव्हल परीक्षाही २०१८ नंतर संपली. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की त्याच काळात रेल्वे आणि रस्त्यांच्या कामांआधी खणणाऱ्या खासगी कंपन्यांना माणसे मिळत नव्हती.

उलट दिशेचे उदाहरण लेस्टर. २०१२ मध्ये वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा मिळाला आणि नाव घरोघर पोचले. अशा शोधाने अर्ज वाढतात, पण शिकवणाऱ्यांची संख्या त्याने वाढत नाही.

म्हणून तिकडे निवडताना विभागापेक्षा अभ्यासक्रम पाहा. प्रायोगिक पुरातत्त्वासाठी एक्सेटर, इतर कौशल्यांसाठी इतर. युरोपात इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेतले, अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेले दोन अभ्यासक्रम ध्यानात ठेवा. एक पुरातत्त्वीय वस्तूंच्या पदार्थविज्ञानाचा, पोर्तुगालच्या एव्होराकडून चालणारा. दुसरा चतुर्थक काळ (हिमयुगांचा काळ) आणि प्रागितिहासाचा, फेरारा, पॅरिस, तारागोना, तोमार यांच्या सहकार्याचा. दोन्हींत दोन देशांत तरी शिकावे लागते. ब्रिटनची एम.ए. एका वर्षात आटोपते. त्यात प्रत्यक्ष खणण्याचे आठवडे थोडे असतात, तेव्हा खड्ड्यावरचे हात भारतातच तयार करून जावे.

पांढरीवाला

यंत्रे आणि क्रमवारी यांच्या बोलण्यात एक गोष्ट राहून जाते आहे. संग्रह. जुन्या विभागांचे खरे धन त्यांच्या फडताळांत आहे.

राजस्थानातले बालाथल १९९० च्या दशकात वि. ना. मिश्रांच्या देखरेखीखाली खणले गेले. तिथला एक सांगाडा डेक्कन कॉलेजात जपलेला होता. २००९ मध्ये त्यावर कुष्ठरोगाच्या खुणा ओळखल्या गेल्या आणि तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, भारतातला कुष्ठरोगाचा सर्वांत जुना हाडांवरचा पुरावा ठरला. उत्खनन संपल्यावर इतक्या वर्षांनी! त्यासाठी पेटीवरची चिठ्ठी वाचता येत होती, थराचा क्रमांक नोंदवहीशी जुळत होता, एवढे पुरले.

विश्वास गोगट्यांचे कामही आठवा. त्यांनी खापरांची पूड करून क्ष-किरण विवर्तनाने तपासली आणि चक्राकार नक्षीची भांडी बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागातल्या मातीची असावीत असा निष्कर्ष काढला. वेगवेगळ्या ठिकाणांची खापरे तुलनेला मिळाली नसती तर हे झालेच नसते.

नवा विभाग उद्या दहा कोटींचे यंत्र घेईल, पण इनामगावची खापरे आणि हाडे त्याच्याकडे कुठून येणार? विद्यार्थ्याने भेट द्यावी तेव्हा संग्रह उघडून दाखवा म्हणावे. पिशव्या उंदरांनी कुरतडलेल्या आहेत का, शाई उडाली आहे का, नोंदवही संगणकावर आहे का. दहा मिनिटांत विभागाची आजची तब्येत कळते.

नेट_सेट

नोकरीचे कोणीच बोलत नाही. त्याशिवाय ही निवड अर्धी आहे.

गंगथडी

बोलू. भारतात ब्रिटनसारखे नाही. रस्ता, धरण किंवा इमारतीआधी खासगी कंपनीने पुरातत्त्वज्ञ नेमून खणावे असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे मुख्य मालक तीन, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्यांची संचालनालये आणि विद्यापीठे. वस्तुसंग्रहालये आणि वारसा-जतनाचे सल्लागार हे चौथे दार, ते हळूहळू रुंद होते आहे.

विद्यापीठात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षेत, म्हणजे युजीसी नेटमध्ये, पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ६७. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, सलग तीन तास. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, घरभाडे वेगळे. प्रबंधाची वर्षे यावर निभतात, सर्वेक्षणाची गाडी आणि मजुरी मात्र वेगळ्या अनुदानातून आणावी लागते.

सर्वेक्षण खात्यात जायचे असेल तर ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेतली दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका पाहा. जागा मोजक्याच असतात. एम.ए. झाल्यावरच प्रवेश, आणि पुरातत्त्वाबरोबर इतिहास, मानवशास्त्र, भूशास्त्र, अभिजात भाषा यांचे पदवीधरही स्पर्धेत असतात. २०२० मध्ये पात्रतेच्या यादीत आधी तमिळ नव्हती, आक्षेप आल्यावर अभिजात भाषा घातल्या गेल्या. संस्कृत किंवा पाली घेतलेल्या मराठी मुलांना हे दार उघडे आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. विद्यापीठाला मनात आले म्हणून खणता येत नाही. दरवर्षी सर्वेक्षण खात्याकडून परवाना घ्यावा लागतो, तो एका हंगामापुरता असतो आणि मागच्या कामाचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे पावसाळा आणि उभी पिके धरली तर हातात डिसेंबर ते मे एवढेच महिने उरतात. परवाना फेब्रुवारीत आला तर हंगाम अर्धा गेला. मग शिबिरात मुलांना पाच-सहा आठवड्यांऐवजी दहा दिवस मिळतात. म्हणून 'यंदा परवाना आहे का, कुठल्या ठिकाणाचा' हे प्रवेशाआधीच विचारावे.

कातळ

कोकणातून एक भर. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पे विद्यापीठांनी नव्हे, मुख्यतः स्थानिक अभ्यासकांनी सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, पालथे घालून शोधली. २०२२ मध्ये ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, गोव्याचे उसगाळीमळही त्याच मालिकेत. कोळोशीची गुहा राज्याच्या संचालनालयाने खणली. मुंबईकडच्या साष्टीच्या सर्वेक्षणात मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचा हात होता. पुण्याच्या नावापुढे ही कामे झाकली जातात.

जांभ्यावर कोरलेल्या रेषांवर थर साचत नाही, त्यामुळे त्यांचे थेट कालमापन जवळजवळ अशक्य. आसपासची सूक्ष्मास्त्रे (बारीक दगडी हत्यारे), गुहेतला निक्षेप (साचलेली माती) यांवरूनच काळ बांधावा लागतो. ज्याला हे करायचे आहे त्याने प्रागितिहासाचा मार्गदर्शक शोधावा, तो कुठल्या विद्यापीठात आहे हे नंतर. समुद्राखालचे पुरातत्त्व हवे असेल तर एम.ए. कुठेही करा, पण पुढे गोव्याला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे पाहा. शि. रं. राव यांनी द्वारकेचे काम तिथूनच केले.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले. आता किल्ल्यांवर खणायला आणि नोंदी करायला माणसे लागतील. मध्ययुगीन खापरे, चिनी मातीचे तुकडे, काचेच्या बांगड्या ओळखणारे लोक आपल्याकडे फार थोडे आहेत, कारण सगळ्या विभागांची प्रतिष्ठा जुन्यात जुन्या काळावर उभी राहिली. ज्या विभागात हा विषय नीट शिकवला जाईल त्याचे नाव येत्या काळात वर येईल असे मला ठामपणे वाटते.

चाळणी

नेमके कसे तपासायचे हे विचारणाऱ्यांसाठी शेवटचे थोडे. 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जा. ज्या मार्गदर्शकाकडे काम करायचे त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले अलीकडचे चार-पाच प्रबंध उघडा. प्रस्तावना सोडा, ती सगळ्यांची सारखी असते. थेट तक्त्यांवर या. ठिकाणांना अक्षांश-रेखांश दिले आहेत का? पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाचे, क्षेत्रफळ मोजून दिले आहे की 'मोठी', 'मध्यम' असे लिहिले आहे? खापरांची संख्या आणि वजन दोन्ही आहेत का? नुसती संख्या असेल तर एकच रांजण फुटून साठ तुकडे झाले की आकडा फसवतो. खापरांच्या काठांची रेखाटने विद्यार्थ्याने स्वतः काढली आहेत की जुन्या अहवालातली उचलली आहेत, हे रेषेच्या जाडीवरून आणि व्यासाच्या नोंदीवरून लगेच दिसते. मग प्रयोगशाळेच्या तारखा पाहा, त्यांना क्रमांक हवेतच.

त्यानंतर मार्गदर्शकांना पत्र लिहा, एका पानाचे, त्यांच्याच एखाद्या प्रबंधातल्या तक्त्याविषयी नेमका प्रश्न विचारून. उत्तर आले, त्यात 'या मोसमात अमुक गावी काम आहे, पंधरा दिवस या' असे असले, तर तो विभाग यादीत कितव्या क्रमांकावर आहे हे न पाहता जावे. स्वतःची करणी, दोरी, ओळंबा आणि मोजपट्टी बरोबर घ्यावी, शिबिरातली बहुधा कमीच पडते.